देउलटीला उतरू का? (आईची वही आणि शरदबाबू)

मिरजेची माई:

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथं नुसती वाचत बसलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय. सांभाळून घ्या.

लेकीला खरगपूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून जुलैअखेर आम्ही दोघं तिला सोडायला गेलो, पुण्याहून आझाद हिंदनं. तिची बादली, मग, मच्छरदाणी, सगळी खरेदी झाली. तिला आमची लाज वाटायला लागली तशी आम्ही काढता पाय घेतला. एवढं लांब आलोच आहोत तर कालीघाट करून जाऊ, म्हणून दुसऱ्या दिवशी हावड्याची लोकल धरली. कोलाघाट सोडल्यावर गाडी एका थोरल्या नदीच्या पुलावर चढली. पावसाचे दिवस, पाणी चहासारखं, पलीकडचा काठ धूसर. शेजारच्या बाईंना खुणेनं विचारलं, कुठली नदी? "रूपनारायण." नाव ऐकल्यासारखं वाटलं. कुठं ते आठवेपर्यंत पूल संपला आणि पुढच्या स्टेशनात गाडी थांबली. पाटी होती देउलटी. गाडी हलली आणि मग डोक्यात उजेड पडला. हे तर आईच्या वहीतलं!

आई गेल्या वर्षी पौषात गेली. चौथी शिकलेली बाई. दुपारची झाकपाक झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून वाचत बसायची. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा. वाचायची बरंच काही, पण तिचे खरे एकच, बंगाली कादंबरीकार शरदबाबू. शरच्चंद्र चट्टोपाध्याय असं आख्खं नाव तिनं कधी घेतलं नाही. आमच्या घरात शरदबाबू म्हणजे कुणी लांबचे मामा असावेत, असंच मला बरीच वर्षं वाटत होतं. "शरदबाबूंच्या त्या बिंदूसारखी करू नकोस", "इंद्रनाथासारखा आहे हा पोरगा, रात्रीचा नदीवर जाईल", अशी बोलणी. पुस्तकं वाचनालयाची, नाटककार मामा वरेरकरांनी मराठीत आणलेली. विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आवडलेलं ती वहीत उतरवून घ्यायची. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. त्यातच दुधाचा हिशेब, धोब्याचे कपडे, माझ्या बाळंतपणात कुणी काय आणलं त्याची यादी. श्रीकांत कादंबरीतली अन्नदादीदी संपते आणि खालच्याच ओळीत "गवळी १० ता. पासून अर्धा लिटर कमी".

या वहीच्या शेवटच्या पानावर तिनं एका खाली एक गावं लिहून ठेवलीत, एसटीच्या पाटीवर असतात तशी. देवानंदपूर, जन्म. भागलपूर, आजोळ. रंगून, नोकरी. शिवपूर. सामताबेड, स्वतःचं घर, रूपनारायण नदी, स्टेशन देउलटी. कुठल्या प्रस्तावनेतून उतरवलं, की चार ठिकाणचं जुळवलं, देव जाणे. पंढरपूर आणि एकदा काशी, याच्यापलीकडं न गेलेल्या बाईनं स्टेशनाचं नावसुद्धा लिहून ठेवावं! ती काशीला गेली तेव्हा आमच्या वडिलांना म्हणाली होती म्हणे, "इथनं बंगाल किती लांब?" वडील म्हणाले, "तिकीट परतीचं काढलंय."

तर आता विचारायचं ते असं. पूजेच्या सुट्टीनंतर लेकीकडं पुन्हा जायचं आहे. देउलटीला उतरून ते घर बघण्यासारखं आहे का, की नुसती कुलूपबंद वास्तू आणि पाटी? बंगाली येत नाही, हिंदी बेतास बात. दुसरं म्हणजे, आई नेहमी म्हणायची, "या माणसानं हे सगळं भोगलंय, त्याशिवाय असं लिहिता येत नाही." खरं किती त्यात? ती गेल्यावर मी श्रीकांतचे दोन भाग वाचले. आधी वाचले असते तर तिच्याशी बोलता आलं असतं. असो. आणि जाणत्यांनी हेही सांगा, बंगालातला माणूस मिरजेच्या उंबऱ्यापर्यंत आला कसा?

हावड्याची सून:

माई, उतराच. विचारताय काय!

मी मूळची साताऱ्याची, लग्न करून २२ वर्षं हावड्यात, शिवपूरला. तुमच्या आईंच्या यादीतलं चौथं गाव ते माझं सासर, कळलं? शरदबाबू ब्रह्मदेशातल्या रंगूनहून १९१६ मध्ये परत आले ते इथं बाजे शिवपुरात भाड्याच्या घरात राहिले, जवळजवळ दहा वर्षं. श्रीकांतचे पहिले दोन भाग, चरित्रहीन, गृहदाह, सगळं पुस्तकरूपानं आलं ते याच काळात. इथंच त्यांचं भेलू नावाचं कुत्रं होतं. रस्त्यावरचं, कुणालाही चावणारं. त्याच्यावर त्यांचा इतका जीव की ते गेल्यावर हा माणूस कितीतरी दिवस सावरला नाही. माझे सासरे शरदबाबूंची गोष्ट सुरू करायचे ती भेलूपासूनच, कादंबऱ्या नंतर.

आता जाण्याचं. तुम्ही खरगपूरकडून येणार, म्हणजे कोलाघाटचा पूल ओलांडला की लगेच देउलटी. हावड्याहून साधारण ५० किलोमीटर. एक्स्प्रेस थांबत नाहीत, लोकलच धरायची. स्टेशनाबाहेर टोटो मिळतात (बॅटरीची रिक्षा, तिला इकडं टोटोच म्हणतात). "शरतचंद्रेर बाडी" म्हणा, पुढचं तो बघेल. उच्चार "शोरोत" असा करा, 'श'ला जरा ओठ गोल करून. "शरदबाबू" म्हणालात तर तो विचारेल, कोण, दुकानवाले?

घर दोन मजली आहे, लाल कौलांचं, सगळीकडून व्हरांडा. ब्रह्मदेशातल्या घरांची धाटणी. बागेत त्यांची समाधी आहे, पत्नी हिरण्मयीदेवींची आहे आणि धाकट्या भावाचीही. तो भाऊ रामकृष्ण मिशनचा संन्यासी, स्वामी वेदानंद. १९७८च्या पुरात घराचं बरंच नुकसान झालं होतं, नंतर डागडुजी झाली. देखभाल करणारे घर उघडून दाखवतात. सकाळी जा, दुपारी जेवायला गेले की गेले.

एक गोष्ट तुमच्या आईंना फार आवडली असती. आडगावात घर का बांधलं? शेजारच्या गोविंदपूर गावात त्यांच्या थोरल्या बहिणीचं सासर होतं. तिचं नाव अनिला. आणि रंगूनला असताना त्यांनी स्त्रीच्या किमतीबद्दल एक मोठा लेख लिहिला, "नारीर मूल्य", तो स्वतःच्या नावानं छापलाच नाही. छापला अनिलादेवी या नावानं. म्हणजे आधी बहिणीचं नाव घेतलं आणि मग बहिणीच्या गावाशेजारी राहायला गेले.

जुना ग्रंथपाल:

माईसाहेब, आपला धागा वाचून हातातला चहा गार झाला. मी तालुक्याच्या वाचनालयात ३१ वर्षं काढली. आपल्या मातोश्रींसारख्या किमान चाळीस जणी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान यायच्या, पिशवीत कोथिंबीर आणि खाली पुस्तक. शरदबाबूंचा एक भाग परत करताना दुसरा हातात पडल्याशिवाय काउंटर सोडायच्या नाहीत. आमच्याकडचा श्रीकांत तीन वेळा बाइंडिंगला गेला.

आपला तिसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण तो माझ्या धंद्यातला. शरदबाबू मराठीत आले ते मुख्यतः एका माणसामुळे, भार्गवराम विठ्ठल म्हणजेच मामा वरेरकर. चिपळूणचा जन्म, १८८३. सुरुवातीची नोकरी पोस्टातली, जीव नाटकात. वरेरकर बंगाली शिकले आणि शरदबाबूंचं बहुतेक सगळं कथात्म साहित्य त्यांनी मराठीत आणलं. एका माणसानं एका लेखकाच्या मागे इतकं लागावं अशी उदाहरणं आपल्याकडे थोडी. वरेरकर स्वतः "हाच मुलाचा बाप"सारखं हुंड्यावरचं नाटक १९१७ च्या सुमारास लिहीत होते, हे ध्यानात घ्या. हुंड्यापायी खंगणारा बाप, विधवा, भाऊबंदकी, गावकीचं राजकारण, आजोळी वाढणारं पोर, यातलं त्यांना काहीच परकं नव्हतं. आणि वाचणारणींनाही नव्हतं. त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी हरिभाऊ आपट्यांनी "पण लक्षात कोण घेतो?" आपल्या "करमणूक" साप्ताहिकातून छापून नायिका यमूच्या तोंडून तिची कहाणी सांगितली होती. जमीन नांगरलेली होती, पेरणी बंगालातून झाली, एवढंच.

आता "भोगलंय" याबद्दल. मातोश्री बऱ्याच बरोबर होत्या, पण पूर्ण नाही, आणि त्याला कारण खुद्द शरदबाबू. स्वतःबद्दल थापा मारण्यात त्यांना कमालीचा आनंद वाटे. माणूस बघून गोष्ट सांगत. हिंदीतले विष्णु प्रभाकर चौदा वर्षं त्यांच्या मागावर फिरले, गावोगाव गेले, ब्रह्मदेशातही जाऊन आले, तेव्हा कुठे १९७४ मध्ये "आवारा मसीहा" हे चरित्र झालं. हिंदी वाचवत असेल तर ते जरूर मिळवा.

जे पक्कं आहे ते सांगतो. जन्म १५ सप्टेंबर १८७६, हुगळी जिल्ह्यातलं देवानंदपूर. वडील मोतीलाल. त्यांना लिहिण्याचा नाद, शेवटाला नेण्याचा नाही. घरात त्यांच्या अर्धवट कथा-कादंबऱ्यांचे कागद पडलेले असत आणि हा मुलगा ते वाचून पुढे काय झालं असेल याचा विचार करत रात्री जागा राही. वडिलांकडून मला हिंडण्याचा नाद आणि साहित्याचं वेड मिळालं, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. मिळकत बाकी काही नाही. म्हणून सगळं कुटुंब भागलपूरला मामांच्या दारी. श्रीकांतमधला इंद्रनाथ तिथलाच, राजू नावाचा त्यांचा खरा मित्र. बासरी वाजवणारा, कशाला न भिणारा. कॉलेज सुटलं ते परीक्षेच्या फीचे २० रुपये जमले नाहीत म्हणून.

१९०३ मध्ये रंगून. जाण्याआधी "मंदिर" नावाची एक कथा कुंतलीन केशतेलवाल्यांच्या स्पर्धेला पाठवून गेले, तीही मामाच्या, सुरेंद्रनाथांच्या नावानं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि खरा लेखक बोटीवर! रंगूनला हिशेब खात्यात कारकुनी. १९०७ मध्ये कलकत्त्याच्या "भारती" मासिकात "बडदिदी" क्रमशः येऊ लागली, पहिल्या हप्त्यांवर लेखकाचं नावच नाही. लोकांना वाटलं रवींद्रनाथांनीच नाव लपवून लिहिलंय. खुद्द लेखकाला आपली गोष्ट छापली जातेय याचा पत्ता नव्हता. मित्रांनी जुनं हस्तलिखित परस्पर दिलेलं.

आणि भोगणं म्हणाल तर हे. रंगूनच्या मिस्त्रीवस्तीत एका बापानं आपली मुलगी एका म्हाताऱ्या दारुड्याला द्यायचं ठरवलं होतं. ती मुलगी, शांती, शरदबाबूंच्या आश्रयाला आली. त्यांनी तिच्याशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि दोघंही प्लेगात गेली. पुढे १९१२ मध्ये घराला आग लागली. पुस्तकं, त्यांनी स्वतः रंगवलेली चित्रं, चरित्रहीनचं हस्तलिखित, सगळ्याची राख झाली. चरित्रहीन त्यांनी पुन्हा लिहून काढली. मेसमधल्या मोलकरणीला नायिका केलं म्हणून एका बड्या मासिकानं ती नाकारली, "यमुना" नावाच्या छोट्या मासिकानं छापायला घेतली. आमच्या वाचनालयात हे पुस्तक बायका मागायच्या तेव्हा नाव उच्चारत नसत. "ते दुसरं द्या" म्हणत.

शंकासुर:

माफ करा, इथं सगळे हळवे झालेत म्हणून कुणीतरी खडा टाकायला पाहिजे. मी आजीच्या आग्रहाखातर शरदबाबूंची पाच पुस्तकं वाचली. पाचही पुस्तकांत बायका उपाशी राहून कुठल्यातरी ऐदी पुरुषाला गरम जेवायला वाढतायत आणि पंख्यानं वारा घालतायत. श्रीकांत काय करतो? हिंडतो, आजारी पडतो. मग राजलक्ष्मी येते, शुश्रूषा करते, तो बरा होऊन निघून जातो. पल्लीसमाजमध्ये रमा आणि रमेश यांचं एकमेकांवर प्रेम, रमा विधवा, मग तिला काशीला पाठवून दिलं की काम संपलं. चरित्रहीनमधली किरणमयी सगळ्यांत हुशार बाई, तिला लेखकानं वेडं केलं. विधवेचं दुःख सांगताना डोळ्यांतून पाणी काढतो, पण लग्न लावायची वेळ आली की कादंबरी आटोपती घेतो. याला सुधारक म्हणायचं? आमच्या आज्यांना ते आवडलं, कारण त्यागाला तिथं भाव मिळत होता. घरात तोही मिळत नव्हता.

देवदासबद्दल तर बोलायलाच नको.

सिनेमावाला:

बोलायचं कसं नाही! देवदासवर एकट्या हिंदीत तीन मोठे सिनेमे, सैगल, दिलीपकुमार, शाहरुख. आणि पुस्तकात पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना भेटतसुद्धा नाहीत, एकत्र नाचणं राहिलं दूर. बाय द वे, शरदबाबूंनी ते पंचविशीच्या आत लिहिलं आणि छापलं थेट १९१७ मध्ये, मित्रांच्या तगाद्यामुळं. त्यांचं स्वतःचं त्या पुस्तकाबद्दल मत शंकासुरपेक्षा फार वेगळं नव्हतं.

मिरजेची माई:

शंकासुर, तुम्ही माझ्या लेकीसारखं बोलता. तीही म्हणते, "आजीचा शरदबाबू टॉक्सिक आहे." मला उत्तर देता येत नव्हतं. म्हणून काल रात्री वही पुन्हा काढली.

सबंध वहीत दोनदा उतरवलेला उतारा एकच आहे. एकदा निळ्या शाईत, एकदा पेन्सिलीनं, मध्ये चार-पाच वर्षं तरी गेली असतील, कारण दुधाचा भाव वाढलेला आहे. तो उतारा अन्नदादीदीचा नाही, राजलक्ष्मीचाही नाही. अभयाचा आहे. श्रीकांतच्या दुसऱ्या भागातली. रंगूनच्या बोटीवर भेटते ती. नवऱ्याचा पत्ता नाही म्हणून रोहिणीबाबू नावाच्या ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन समुद्र ओलांडून त्याला शोधायला निघालेली. नवरा सापडतो. त्यानं तिथं दुसरा संसार मांडलेला असतो. तो हिला वेतानं फोडून काढतो. आणि मग ही बाई काशीला जात नाही, विहिरीत उडी घेत नाही. ती रोहिणीबाबूंकडं परत येते आणि उघडपणे त्यांच्यासोबत राहते. श्रीकांतलाच उलट विचारते, लग्नाच्या मंत्रांनी मला आणि त्याला दोघांना बांधलं होतं ना, मग तो मोकळा आणि मी तेवढी जन्मभर बांधलेली, असं कसं? हे १९१८ मध्ये छापून आलंय.

माझ्या आईनं उभ्या जन्मात वडिलांना उलट शब्द केला नाही. डोक्यावरचा पदर ढळला नाही तिचा. आणि तिनं अभया दोनदा उतरवून घेतली, पेन्सिल दाबून. दुसऱ्या वेळी काही ठिकाणी कागद फाटलाय.

तुमचं त्या पंख्याचं खरं आहे. माझं म्हणणं एवढंच, की पंखा हलवणाऱ्या बाईला हे पुस्तक वाचायला मिळालं आणि तिनं त्यातनं काय उचललं ते तिचं तिला ठाऊक. आम्हाला घरात कुणालाच नव्हतं.

शंकासुर:

अभया मी वाचली नाहीये. मी पहिला भाग वाचून सोडला होता. मागे घेत काही नाही, पण वाचतो.

हावड्याची सून:

शंकासुर, तसं असेल तर शेषप्रश्नसुद्धा घ्या, १९३१ची. त्यातली कमल तर ताजमहालाचं कौतुक करणाऱ्यांशीच वाद घालते. त्या पुस्तकावरून इकडं भलतंच वादळ उठलं होतं. आणि "पथेर दाबी" घ्या. १९२६ मध्ये पुस्तक आलं, हां हां म्हणता संपलं, १९२७ मध्ये इंग्रज सरकारनं बंदी घातली. शरदबाबूंनी रवींद्रनाथांना निषेध करायला सांगितलं, तर त्यांनी नकार देऊन उलट समजुतीचं पत्र पाठवलं. शरदबाबूंना ते फार लागलं. बंदी उठली ती १९३९ मध्ये. ते स्वतः १६ जानेवारी १९३८ला गेलेले. हावडा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते ते कितीतरी वर्षं. नुसतं पंखा हलवणाऱ्यांचं लिहीत बसलेला माणूस नव्हता तो!

जुना ग्रंथपाल:

एक भर. "महेश" ही कथा कुणी वाचली नसेल तर वाचा. दहा-बारा पानांची. गफूर नावाचा गरीब विणकर, त्याची मुलगी अमिना आणि म्हातारा बैल महेश. दुष्काळात बैलाला पेंढी मिळत नाही, आणि गोभक्त जमीनदार आणि भटजी काय करतात ते बघा. आमच्या वाचनालयात एक शेतकरी सभासद होते. ही कथा वाचून पुस्तक परत करायला आले, काउंटरवर ठेवलं आणि काही न बोलता गेले. पुन्हा दोन महिने फिरकले नाहीत.

माईसाहेब, जाऊन आलात की लिहा.

मिरजेची माई:

जाऊन आलो! कालच घरी पोचलो, धुणं भिजत घातलंय आणि लिहायला बसलेय.

लक्ष्मीपूजा होऊन गेल्यावर निघालो (त्यांची कोजागरीलाच असते, हे तिथं कळलं). देउलटीला उतरलो सकाळी नऊच्या सुमारास. "शोरोतचोंद्रेर बाडी" असं मी आदल्या रात्री लेकीच्या बंगाली मैत्रिणीकडून घोकून घेतलं होतं. टोटोवाल्याला एका दमात म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "हाँ हाँ, बैठिए काकीमा." हिंदीत. सगळी मेहनत फुकट.

वाट भातशेतांतून, मध्येमध्ये तळी आणि केळी. घर बघितल्यावर पहिलं वाटलं ते असं, की हे तर कोकणातल्या कुणा खाऊनपिऊन सुखी माणसाचं घर. लाल कौलं, गार व्हरांडा, झाडांची सावली. सूनबाई म्हणाल्या तसं, एक म्हातारबुवा आले आणि त्यांनी कुलूप काढलं. टेबल, खुर्ची, हुक्का, पुस्तकांची कपाटं, भिंतीवरचं घड्याळ. देशबंधू चित्तरंजन दासांनी दिलेली राधाकृष्णाची मूर्ती. शरदबाबू गावातल्या लोकांना होमिओपॅथीची औषधं फुकट द्यायचे म्हणे. हे ऐकून आमचे हे एकदम जागे झाले, कारण ते स्वतः तेच करतात आणि घरात कुणी औषध घेत नाही. पुढचा अर्धा तास त्यांना शरदबाबू फार थोर वाटत होते.

बुवांनी बाहेर एक तळं दाखवलं. "रामेर सुमतीमधले कार्तिक आणि गणेश याच तळ्यातले." त्या गोष्टीतल्या रामचे दोन पाळीव मासे, रोहू. आईच्या वहीत आहेत ते. मी मनात हिशेब केला. गोष्ट छापली १९१३ मध्ये, लिहिली रंगूनला बसून, आणि इथं राहायला आले १९२६ मध्ये. मासे आधी आणि तळं नंतर! ग्रंथपालकाका, तुमची शिकवण. पण बुवांना काही म्हटलं नाही. ते इतक्या आस्थेनं वाकून पाण्यात बोट दाखवत होते की मीही वाकून बघितलं. एक मासा वर आला, खरंच.

नदी आता घराजवळ नाही. शरदबाबू खिडकीशी बसून लिहीत तेव्हा रूपनारायण समोरून वाहायची. आता ती सरकून लांब गेलीय. बांधावरून चालत गेलो. ऊन लागत होतं, हे मागनं "अजून किती" म्हणत होते. काठावर पोचलो तर पाणी ओहोटीचं, चिखलात एक होडी कलंडलेली. मी वही पिशवीतून काढली. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. वाचून दाखवावं असं वाटलं, पण कुणाला? मग शेवटचं पान उघडलं आणि आई दुधाचा हिशेब चुकता झाला की करायची तशी सामताबेडपुढं बरोबरची खूण केली. शिवपूरपुढंही केली, दुसऱ्या दिवशी सूनबाईंकडं जेवून आल्यावर. (सूनबाई, सोरिषेची इलिश (मोहरीतली मासळी) मला झेपली नाही, यांनी दोन वेळा घेतली. भेलूची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायला हवी होती.) देवानंदपूर, भागलपूर आणि रंगून राहिलेत. रंगूनचं काही जमेल असं दिसत नाही.

परतीची लोकल चुकली. पुढच्या गाडीला चाळीस मिनिटं होती. प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर पेरू खात बसलो होतो. यांनी वही मागितली. पंचवीस वर्षांचा संसार, सासूची ही वही माणसानं कधी उघडून बघितली नव्हती. पानं चाळताना पेन्सिलीनं फाटलेल्या पानाशी थांबले आणि म्हणाले, "ही अभया कोण?"

सांगायला लागले. बोट, वादळ, रंगूनच्या आधीचं ते प्लेगचं क्वारंटीन, रोहिणीबाबू, नवऱ्याचा शोध. नवरा सापडतो इथपर्यंत आले आणि गाडी आली. चढताना गर्दी. ते एका दाराशी, मी आत बायकांच्या घोळक्यात. सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीतून ओरडले, "अगं, मग पुढं? राहिली का त्याच्याकडं?"

तेव्हा विनंती अशी, की वरेरकरांच्या श्रीकांतचा दुसरा भाग कुणाकडं जुना, सुस्थितीतला असेल तर कळवा. वाचनालयाची प्रत परत करायची तारीख उलटून गेलीय. यांचं वाचून व्हायचंय, त्यांच्यामागं लेकीनं नंबर लावलाय, आणि शंकासुर यांना लागला तर तोही पाठवीन.